कूलरमधलं पाणी

होळीची राख अजून पुरती उडालेली नसते, तोच जळगावात रस्त्याच्या कडेला कूलरच्या गवताचे भारे येऊन पडतात. पिवळट, कुरळं, भुसभुशीत गवत. हातगाडीवर, दुकानाच्या पायरीवर, सायकलच्या कॅरियरला. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, थोडा पोत्याचा, थोडा नाकाला झोंबणारा. दुसरीकडच्या लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबा, मोगरा वगैरे आठवत असेल. आम्हा खानदेशी माणसांचा उन्हाळा या वासाने सुरू होतो. आंबा नंतर येतो, आणि महाग असतो.

काल कारखान्यातून परतताना चौकात पहिले भारे दिसले आणि मी स्कूटर बाजूला घेतली. काही घ्यायचं नव्हतं, नुसतीच उभी राहिले. शेजारी एक नवरा-बायको गवताच्या मापावरून वाद घालत होते. तो म्हणत होता एवढं पुरे, ती म्हणत होती तुम्हाला काही कळत नाही, आणखी घ्या. त्यांचं ते भांडण ऐकत मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. घरी जाऊन मला कुणाशी भांडायचं नव्हतं. मी एकटी राहते. का, ते सांगण्याइतकं मनोरंजक नाही.

मी कूलर बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करते. ओळखपत्रावर 'प्रॉडक्ट डिझायनर' असं लिहिलं आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. प्रत्यक्षात मी बटन कुठे असावं, पाण्याचं झाकण कोणत्या बाजूला उघडावं, चाकं केवढी असावीत, असल्या गोष्टी ठरवते. म्हणजे ठरवते असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, या गोष्टी लोकांनी आधीच ठरवून टाकलेल्या असतात. मला त्या फक्त शोधायच्या असतात.

नोकरीला लागले तेव्हा मी एक शहाणपणा केला होता. आमच्याकडच्या कूलरचं गोल बटन बंदवरून एक घर फिरवलं की एकदम जोराची हवा येते. पुढच्या घराला मध्यम, त्याच्या पुढे हळू. मला हे उलटं वाटलं. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात, असा सरळ क्रम मी लावून दिला. कागदावर फार छान दिसत होता. ते कूलर चोपड्याला गेले, असोद्याला गेले, आणि पंधरवड्यात दुकानदारांचे फोन सुरू झाले, की मालात खोट आहे, हवाच येत नाही. मी चोपड्याला जाऊन पाहिलं. कूलर ठणठणीत होता. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, माणूस उन्हातून येतो ना, तो बटन एकदाच फिरवतो. मग हवेसमोर उभा राहतो. दुसऱ्यांदा फिरवायला त्याच्यात जीव नसतो." आमच्या शेठजींनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तुमचं बरोबर आहे. आता बटन पहिल्यासारखं करा."

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. प्रत्येकाच्या डोक्यात एक कूलर असतो. त्याचं आमच्या कारखान्यातल्या कूलरशी नातं असेलच असं नाही. तो लहानपणीच्या घरात बसवलेला असतो, सवयीने जोडलेला असतो, आणि कुणी न शिकवता चालत असतो. आमचा कूलर त्याच्याशी जुळला की माणूस म्हणतो, सोपं आहे. नाही जुळला की म्हणतो, बिघडलंय. आपल्या डोक्यातला बिघडला असेल असं कुणी म्हणत नाही. मी तरी कुठे म्हणते?

माझ्या डोक्यातला कूलर धुळ्याचा आहे. देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीला तो बाहेरून लावलेला असे. लोखंडी, राखाडी, माणसाच्या छातीएवढा. वडील, म्हणजे नाना, गिरणीत सूत खात्यात होते. दुसरी पाळी असली की ते सकाळभर झोपत, पहिली असली की दुपारी. दुपारी बाराच्या पुढे गल्लीत चिटपाखरू नसे. डांबर मऊ पडलेलं, समोरच्या किराणा दुकानाचं फळकूट अर्धं ओढलेलं, आणि आमच्या घरात अंधार करून फरशीवर ओळीने पडलेली आम्ही माणसं. कूलरच्या समोरची जागा नानांची. मग धाकटा दीपक, मग मी. कपाळावर मधूनच पाण्याचा बारीक तुषार यायचा. गवतातून पाणी ठिबकल्याचा आवाज, त्यावर पंख्याचा मोठा घरघराट. त्या घरघराटात बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून कुणी बोलत नसे, आणि तरीही घर भरलेलं वाटे.

नाना त्या आवाजात गाढ झोपत. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला आवाजाचं काय? उलट लाइट गेली, कूलर थांबला, की ते दचकून उठत. "काय व्हयनं?" असं विचारत. शांतता झाली म्हणजे काहीतरी बंद पडलं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. दर वर्षी होळीच्या सुमाराला ते स्वतः कूलर उघडत. पंख्याला तेल देत, पत्र्याला आतून रंग मारत, पंपाची जाळी ब्रशने घासत. बाहेरचा मेकॅनिक आमच्या कूलरला कधी शिवला नाही. यंत्र नानांचं होतं, आणि आम्हा पोरांच्या दृष्टीने तो गारवाही नानांचाच होता.

माय गेली ती मार्गशीर्षात. थंडीचे दिवस होते, घरात माणसं होती, भरताची वांगी भाजल्याचा वास गल्लीभर होता आणि आमच्या घरी चूल नव्हती. दिवस झाले, माणसं आपापल्या गावी गेली. दीपक पुण्याला गेला, मी जळगावला. नाना म्हणाले, "जा तुम्ही. मी शे ना आठे." आणि ते खरंच तिथे एकटे राहिले. स्वतःची खिचडी करत, सकाळी फिरून येत, फोनवर ठीक बोलत. हिवाळा निभावला. त्यांना जमतंय, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

मायच्या मागे आलेल्या त्या पहिल्या उन्हाळ्यात नानांना ऊन लागलं. तेही घरात, कूलरसमोर. समोरच्या किराणा दुकानातल्या भाभी चहाची पुडी द्यायला आल्या तर नाना खाटेवर पडलेले, अंग भट्टीसारखं, बोलणं भलतंच. कूलर जोरात चालू होता. भाभींनीच रिक्षा बोलावली, त्यांनीच दवाखान्यात नेलं. त्यांच्या घराण्याचं मूळ राजस्थानातलं, ऊन म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको. मी जळगावहून पोहोचेपर्यंत नाना शुद्धीवर आले होते. मला बघून ओशाळले, जणू काही तेच माझ्याकडे न कळवता येऊन टपकले होते.

जी मुलगी लोकांसाठी कूलर बनवते तिच्या बापाला कूलरपुढे ऊन लागतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कारखान्यात कुणी तसं म्हणालं नाही, पण मला ते ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं आहे, उन्हाळ्यात एकटे ठेवू नका. दीपक त्यांना पुण्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर. पावसाळाभर नाना तिथे होते. दीपकने आणि त्याच्या बायकोने काही कमी केलं नाही, हे मी पाहिलं आहे. पण मी भेटायला गेले तेव्हा नाना गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून खाली बघत बसलेले. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. मला म्हणाले, "आठे माले कोन वळखस?" मी म्हटलं, आम्ही ओळखतो की. ते हसले. दसऱ्याच्या आधी त्यांनी पिशवी भरली आणि धुळ्याला परत आले. मग दीपकने स्पष्ट सांगितलं. पुढचा एक उन्हाळा बघू, पण धुळ्यात पुन्हा तसं काही झालं तर तो नानांना कायमचं नेणार आणि घराला कुलूप लावणार. त्याचं चुकत नव्हतं. हे नानांनाही माहीत होतं, म्हणून ते वाद घालत नव्हते, आणि त्यांचं ते वाद न घालणंच मला बघवत नव्हतं.

गेल्या वर्षीचा उन्हाळा तो हा. मी इतके उन्हाळे पाहिले, पण उन्हाळा म्हटलं की आता मला हाच आठवतो.

दीपकने पुण्यातूनच एसी पाठवला. जुना कूलर खिडकीतून काढून मागच्या पडवीत उभा केला, त्याच्यावर चादर टाकली, आणि भिंतीवर तो पांढरा, गुळगुळीत एसी बसला. आमच्या घरात तो जावयासारखा दिसत होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, फक्त विचारपूस करायची. मी सुट्टी काढून गेले, नानांना रिमोट समजावून सांगितला. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. बँकेतला माणूस काही सांगतो तेव्हा ते असंच व्हय, व्हय म्हणतात.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा गेले. भर दुपार. दार उघडलं तर खोलीत उकाडा, नाना बनियनवर घामाघूम, आणि एसी बंद.

"नाना, एसी बंद का शे?"

"चालू करेल शे ना!"

"बंद शे. हात लावी देखा."

त्यांनी हात वर केला. "आवाज येत नही, मंग माले काय समजी? मी पुन्हा दाबं."

ते लावत, यंत्र सुरू होई, पण घरघर नाही. गिरणीच्या माणसाला घरघर नाही म्हणजे यंत्र बंद. म्हणून ते पुन्हा दाबत, आणि मग ते खरोखरच बंद होई. मग थंडगार व्हायची वाट बघत बसत. त्याहून नवल म्हणजे खिडकी. वीतभर उघडी होती, आणि तिच्यातून झळा आत येत होत्या.

"खिडकी लाई द्या ना, नाना. बठ्ठी थंड हवा बाहेर जास."

"खिडकी लाई ते हवा येई कोठून?"

मला हसू आलं आणि लगेच हसू गेलं. कूलरच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं. कूलर बाहेरची हवा आत घेतो, तिला वाट लागते. खिडकी बंद करून कूलर लावला तर अंग चिकट होतं, जीव घुसमटतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पुण्यामुंबईची माणसं आमच्या गावात आली की दारंखिडक्या लावून कूलर सुरू करतात आणि मग म्हणतात, काय हो तुमचा कूलर! नाना त्याच्या बरोबर उलट करत होते. त्यांच्या डोक्यातल्या कूलरच्या नियमाने ते एसी चालवत होते. जित्याची खोड म्हणून मी सोडून दिलं असतं, पण माझं पोट याच गोष्टीवर चालतं. खोड नसते ती. माणूस नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या नावाने हाक मारतो आणि तिने ओ द्यावी अशी अपेक्षा करतो.

मग मी माझी सगळी विद्या वापरली. रिमोटच्या एक सोडून बाकीच्या बटनांवर दवाखान्याची चिकटपट्टी लावली. एसीच्या तोंडाला लाल रेशमी दोरा बांधला. दोरा हलतोय म्हणजे चालू, असं सांगितलं. खिडकीची कडी घट्ट बसवली. जळगावला परत आले तेव्हा एका चांगल्या दिवसाचं समाधान होतं. दोन दिवसांनी भाभींचा फोन. "ताई, नानाजींनी खिडकी परत खुल्ली केली. आणि ते आत नाहीच बसत. दुपारभर ओट्यावर असतात." मी नानांना फोन केला तर म्हणाले, "आतमा बठ्ठं चूप शे व माय. बसावतच नही." आत सगळं गप्प आहे म्हणून सांगणारा त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. चूक कबूल करावी तसा होता.

त्या रात्री माझ्या स्वतःच्या घरातली शांतता मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. आपण हिला शांतता म्हणतो कारण आपण पैसे देऊन ती घेतलेली असते. तिला दुसरं नाव आहे, आणि ते नानांना कळलं होतं.

वैशाख लागला. पारा असा चढला की सकाळी दहालाच रस्ते ओस पडू लागले. मी एके दिवशी कामावर न जाता सरळ धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून येणारी झळ तोंडावर घेत मी एकच विचार करत होते, की आता दीपकला हो म्हणून टाकावं. घराला कुलूप. नाना अकराव्या मजल्यावर. निदान जिवंत तरी राहतील.

गल्लीत शिरले तर नाना ओट्यावर आडवे. तोंडावर टॉवेल, एक हात खाली लोंबकळलेला. हाक मारायचं धाडस होईना. मग टॉवेल छातीबरोबर वर गेला, खाली आला. ते नुसते झोपले होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. भीती वाटली होती, आणि ती कुणाला सांगावी असं माणूस नव्हतं.

मग मी उठून मागच्या पडवीत गेले. का गेले, हे आज नीट सांगता येत नाही. बहुधा यंत्राचं माणूस यंत्राकडेच जातं. कूलरवरची चादर काढली, वायर ओढून घेतली, बटन एक घर फिरवलं. मोठ्ठा घरघराट झाला. पडवीतली धूळ उडाली, पत्रा थरथरला, आणि क्षणात ते सगळं घर भरल्यासारखं वाटलं. ओट्यावरून नानांचा आवाज आला, "कोन शे?" आणि ते आत आले ते जवळजवळ धावतच. चेहरा उजळलेला. "चालू व्हयना!" मला म्हणाले. "मी सांगेल व्हतं दीपकले, कूलर खराब नही शे!"

कूलर खराब नव्हताच. मी मागची जाळी काढली. गवत करपून तपकिरी झालेलं, हात लावताच भुगा होणारं. टाकीच्या तळाशी पांढरा क्षार, त्याच्यावर धुळीचा थर, आणि पंप जळून काळा पडलेला. पंप तसा जळतो तो एकाच कारणाने. तो कोरडा चालला की. मी नानांना विचारलं, त्या उन्हाळ्यात, तुम्हाला ऊन लागलं त्या दिवसांत, यात पाणी शेवटचं कधी भरलं होतं?

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पानी ते तुनी माय भरे."

बस्स, एवढंच. पंख्याला तेल देणारा माणूस, पंपाची जाळी घासणारा, पत्र्याला रंग मारणारा. त्याला कुणी विचारलं असतं की कूलर गार कसा करतो, तर त्याने सगळं नीट सांगितलं असतं, पाण्यासकट. माहीत होतं त्यांना. पण बटन फिरवायच्या आधी पाणी भरायचं असतं, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. कारण आयुष्यात जेव्हा जेव्हा त्यांनी बटन फिरवलं तेव्हा पाणी तिथे होतं. "माले वाटे," ते म्हणाले, "चालू करं का थंड व्हस." आणि खाटेच्या कडेवर बसले.

त्या पहिल्या उन्हाळ्यात ते काय करत होते हे मला तेव्हा दिसलं. बटन फिरवायचं. गरम वारा यायचा. आता होईल गार, म्हणून वाट बघायची. होत नाही म्हणून खाट आणखी जवळ ओढायची. आणि तो वाळवंटातला वारा अंगावर घेत पडून राहायचं.

मी आठवायला बसले. माय कूलरमध्ये कधी पाणी भरायची? मला आठवेना. त्या ओळीत पडलेले नाना आठवतात, दीपक आठवतो, ठिबकणारं पाणी ऐकू येतं, पण ती बादली घेऊन खिडकीपाशी उभी आहे असं एकही चित्र माझ्याकडे नाही. धुळ्यात नळ रोज येत नाही. नळ यायच्या दिवशी पिंपातलं शिळं पाणी ती कूलरला घालत असणार, बाकीच्या दिवशी धुण्याभांड्यातून वाचवलेलं. आम्ही उठायच्या आत, किंवा आम्ही झोपल्यावर. असणार, असणार, असंच मला म्हणावं लागतं. आमच्या धंद्यात चांगल्या कामाची खूण सांगतात ती हीच, की वापरणाऱ्याला ते कळू नये. त्याला वाटावं, आपोआप होतंय. माझ्या आईने ते इतकं चोख केलं की आमच्या तिघांच्याही डोक्यातल्या कूलरमध्ये तिला जागाच उरली नाही. त्या दुपारी मला तिची फार आठवण आली. रडू मात्र आलं नाही. नाना समोर बसले होते आणि त्यांना आधार द्यायला दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवरून नवा पंप आणला, गवत आणलं, आणि भाभींच्या दुकानातल्या हमालाला हाताशी धरून कूलर पुन्हा खिडकीला चढवला. मी माझं डोकं लढवलं. वरच्या टाकीतून एक पाइप काढायचा, कूलरमध्ये तरंगता बोंडा बसवायचा, पाणी कमी झालं की आपोआप भरेल. नानांना कधी आठवायलाही नको. मला हे उत्तर फार आवडलं होतं. कारखान्यात या एका सोयीसाठी आम्ही जास्त दाम लावतो.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वरली टाकीनं पानी तापेल ऱ्हास." ते खरं होतं, पण त्याला उपाय होता, तो मी सांगितला. तेही त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "मंग ते आपोआप भराई जाई. पुन्हा माले काहीच समजनार नही."

मी पाइप गुंडाळून ठेवला.

मग आम्ही दोघांनी दुसरं काम केलं. पिंप खिडकीजवळ आणलं. मोठी बादली काढून टाकली आणि नानांना झेपेल अशी लहान बादली आणली. कूलरचं झाकण मी त्यांच्या छातीच्या उंचीवर कापून घेतलं. पाणी किती आहे ते दिसावं म्हणून थर्माकोलच्या तुकड्यात झाडूची काडी खोचून सोडली. पाणी असेल तेवढी काडी वर. इतकं सोपं यंत्र मी आजवर केलं नाही आणि शेठजींना ते दाखवलंही नाही. संध्याकाळी दीपकचा फोन आला. काय ठरलं? मी म्हटलं, नाना इथेच राहतील. आणि एसी? भिंतीवर आहे, मी म्हटलं. मग त्याने एक अट घातली, आणि ती रास्त होती. नानांनी रोज सकाळी पाणी भरून झालं की मला फोन करायचा. फोन आला नाही तर मी भाभींना उठवायचं.

असा तो उन्हाळा गेला. रोज सकाळी, मी चहा गाळत असताना फोन. एकच वाक्य, पाणी भरल्याचं. "पानी भरं." कधी त्याला शेपूट असे, नळ ऊना, म्हणजे नळाला पाणी आलं, भाभीना नातू पडना, आज सोनगीरकडून वारा शे. बहुतेक वेळा नसे. मी "बरं, नाना" म्हणायचे आणि दिवस सुरू व्हायचा. फोन जरा उशिरा आला की हातातलं गाळणं तसंच राहायचं. त्या एका वाक्याने आमच्या बापलेकीत जितकं बोलणं झालं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नसेल. मृग आला, हवा ओलसर झाली, कूलर कुचकामी झाला, आणि फोन थांबले. भरायचं पाणीच नव्हतं तर फोन कशासाठी? पावसाळा, हिवाळा, आठवड्याला एखादा फोन, तोही तब्येतीचा. मी स्वतःहून करायचे तेव्हा नाना विचारायचे, काही काम शे का? काही काम नसायचं.

माझ्या घरात कूलर नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, खिडक्या सरकत्या काचेच्या, झोपायच्या खोलीत एसी. तो आवाज करत नाही. त्याला माझ्याकडून काही लागतही नाही. नाना इथे कधी आलेले नाहीत, जिने चढायला नको म्हणून मीच कधी बोलावलं नाही. मुलगी कूलरच्या कारखान्यात आहे म्हणजे तिच्या घरी कूलर असणारच, असं त्यांनी धरलेलं आहे. त्यांच्या मनातल्या माझ्या घरात आणखी काय काय आहे कोण जाणे. कदाचित तिथे दुपारी ओळीने झोपलेली माणसंही असतील.

आज सकाळी फोन वाजला. नाना होते. आवाजात धाप होती आणि आनंद होता.

"पानी भरं."

"बरं, नाना."

एरवी ते इथे ठेवतात. आज ठेवला नाही. पलीकडे तो घरघराट ऐकू येत होता, आणि त्याच्यावरून बोलायचं म्हणून ते ओरडून म्हणाले, "तू भरं का?"

मी खोलीत नजर फिरवली. काचा लावलेल्या होत्या. सगळं जागच्या जागी होतं.

"भरं, नाना," मी म्हटलं. मीही ओरडूनच म्हटलं.